डोळ्याची रोहिणी तुंबते तेव्हा



मराठीत आपण आजाराला दुखणे म्हणतो. ‘अमके मोठ्या दुखण्यातून उठले’ असे सहज बोलून जातो. शब्द सोयीचा आहे. पण त्यामुळे एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे, की जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे. दाढ ठणकू लागली की माणूस मध्यरात्री डॉक्टरांचे दार ठोठावतो. डोळ्यात कुसळ गेले तर हातातले काम टाकून धावतो. पण एका डोळ्याची दृष्टी कसलीही कळ न येता, डोळा लालसुद्धा न होता, एकाएकी नाहीशी झाली तर? तर तोच माणूस म्हणतो, ‘सकाळपर्यंत वाट पाहू.’ आज मी बोलणार आहे ते या सकाळपर्यंत वाट पाहण्याविषयी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फलटणच्या बाजूचे एक निवृत्त शाळामास्तर माझ्याकडे आले. वय पासष्टीच्या आसपास, प्रकृती काटक, घरची थोडी बागायत. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. एकदम डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला. त्यांनी चष्मा पुसला, डोळा धुतला. फरक पडेना. घरच्यांनी दुधाच्या घड्या ठेवल्या. कुणी म्हणाले उष्णता झाली, कुणी म्हणाले नजर लागली. रविवारी गावचा बाजार. तेव्हा मास्तरांनी चष्म्याच्या दुकानात डोळा दाखवला. ‘नंबर बदलला असेल’ असे उत्तर मिळाले. सोमवारी पहाटेच्या एसटीने ते निघाले आणि अकरा वाजता माझ्यापुढे येऊन बसले. मी मनाशी हिशेब केला. ४२ तास उलटून गेले होते.

“मास्तर, शनिवारीच का नाही आलात?” मी विचारले.

“दुखत नव्हतं हो डॉक्टर,” ते म्हणाले. “दुखलं असतं तर रात्रीच निघालो असतो.”

त्या डोळ्याने त्यांना माझ्या हाताची बोटेसुद्धा मोजता येत नव्हती. बॅटरीचा उजेड कोणत्या बाजूने येतो, तेवढे कळत होते. उपकरणातून आत पाहिले आणि काय झाले आहे ते लक्षात आले. डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबली होती.

ही रोहिणी म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या डोळ्याच्या आत, पाठीमागच्या भिंतीला अस्तरासारखा एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूचे चित्र या पडद्यावर उमटते आणि तेथून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जाते. या पडद्याला रक्त दोन बाजूंनी मिळते. उजेड टिपणाऱ्या पेशी बाहेरच्या थरात असतात. त्यांना मागच्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून रक्त पोहोचते. टिपलेला संदेश पुढे नेणाऱ्या मज्जापेशी आतल्या थरात असतात. त्यांचे पोषण एका वेगळ्याच रोहिणीवर अवलंबून असते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून ताजे रक्त घेऊन जाणारी वाहिनी. मानेतून वर चढणाऱ्या मोठ्या रोहिणीला एक फांदी फुटते, त्या फांदीला आणखी एक बारीक फांदी फुटते, आणि नेत्रगोलाच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर ती दृष्टीच्या मज्जातंतूत शिरून डोळ्यात येते. हीच दृष्टिपटलाची मध्यवर्ती रोहिणी. तिची पोकळी किती मोठी म्हणाल, तर एका मिलिमीटरच्या जवळपास सहाव्या हिश्श्याएवढी!

ज्यांनी शेताला पाणी दिले आहे, त्यांना पुढची गोष्ट चटकन समजेल. एक पाट बुजला तर आपण शेजारच्या पाटाचे दार मोडून पाणी वळवून घेतो. शरीराच्या पुष्कळ भागांत निसर्गाने अशी सोय करून ठेवली आहे. या रोहिणीच्या बाबतीत मात्र ती नाही. तिच्या फांद्या एकमेकींना मिळत नाहीत. मुख्य पाट बुजला की आतल्या थराचे सगळे वाफे कोरडे. काही लोकांच्या डोळ्यात मागच्या जाळ्यातून आलेली एखादी जादा बारीक रोहिणी असते आणि तिच्यामुळे मधली दृष्टी वाचते. पण ती दैवाची देणगी. तिच्या भरवशावर घरी बसता येत नाही.

माणसाला जिवंत डोळ्याच्या आत पाहता येऊ लागले ते १८५१ सालापासून. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रांतर्भाग पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. तोपर्यंत ‘डोळा गेला’ एवढेच म्हणता येई. का गेला ते कळत नसे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५९ साली, बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला सूज आली होती. तिथून सुटलेला एक कण रक्ताबरोबर वाहत येऊन डोळ्याच्या रोहिणीत अडकला होता. म्हणजे विकार होता हृदयात आणि अंधार पडला डोळ्यापुढे. हा धागा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

अशा डोळ्यात काय दिसते? रक्ताविना सुजलेला पडदा पांढुरका, गढूळ दुधासारखा दिसतो, आणि मधोमध एक लालबुंद ठिपका. इंग्रज डॉक्टरांनी त्याला चेरीच्या फळाची उपमा दिली. मला तो गुंजेसारखा वाटतो. मध्यावर पडदा फार पातळ असतो, त्यामुळे मागच्या जाळ्यातले रक्त तेवढ्याच जागी आरपार दिसते. मास्तरांच्या डोळ्यात ती गुंज स्पष्ट दिसत होती.

आता मुख्य प्रश्न. रोहिणी तुंबल्यावर पडदा किती वेळ तग धरतो?

या प्रश्नाचा पिच्छा ज्यांनी आयुष्यभर पुरवला, ते नेत्रतज्ज्ञ आपल्याच देशाचे होते. डॉक्टर सोहनसिंग हयरेह हे मूळचे पंजाबचे. पुढे ते इंग्लंडमध्ये आणि नंतर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या डोळ्याची ही रोहिणी ठरावीक वेळ बंद ठेवून पुन्हा मोकळी केली. त्यांना असे आढळले, की सुमारे ९७ मिनिटांपर्यंत रक्त बंद राहिले तरी पडद्याला कायमची इजा दिसत नाही. त्यापुढे मिनिटामिनिटाला हानी वाढत जाते. आणि २४० मिनिटे, म्हणजे चार तास झाले, की पडद्याचा मोठा भाग कायमचा मरतो. माणसाच्या डोळ्यात रोहिणी पुष्कळदा पूर्ण बंद नसते, थोडी झिरप चालू असते; म्हणून एखाद्याला थोडा अधिक अवधी मिळतो. पण मिळेलच असे नाही. तेव्हा हा हिशेब दिवसांचा नव्हे, तासांचा आहे. खरे तर मिनिटांचा आहे. मज्जापेशी केसांसारख्या किंवा नखांसारख्या पुन्हा उगवत नाहीत.

मग बुजलेला पाट मोकळा कसा करायचा? गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत डॉक्टरांनी नाना प्रयत्न केले. सर्वांत साधा उपाय म्हणजे बंद पापणीवरून डोळा दाबणे आणि एकदम सोडणे. हेतू असा, की डोळ्यातला दाब एकाएकी उतरला तर मागून येणाऱ्या रक्ताला जोर मिळावा आणि अडकलेला कण पुढच्या एखाद्या लहान फांदीत सरकावा. दुसरा उपाय, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले थोडे पाणी बारीक सुईने काढणे. तिसरा, डोळ्याचा दाब उतरवणारी औषधे. चौथा, ९५ भाग प्राणवायू आणि ५ भाग कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण हुंगवणे. कारण कार्बन डायऑक्साइडने रक्तवाहिन्या काहीशा रुंदावतात. ऐकायला हे सगळे पटण्याजोगे वाटते. तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवे, की यांपैकी कोणत्याही उपायाने दृष्टी हमखास परत येते, असे पुराव्याने सिद्ध झालेले नाही. कधी कधी गुण येतो. पण काहीही न करता आपोआप सुधारणारे थोडे रुग्णही असतातच. तेव्हा गुण कोणाचा, हे ठरवणे कठीण जाते.

पुढे गुठळी विरघळवणारी औषधे आली. मेंदूची रोहिणी तुंबून पक्षाघात झालेल्या रुग्णांना असे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले तर फायदा होतो, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ साली दाखवले. २००८ सालच्या एका युरोपीय चाचणीनंतर ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. साहजिकच डोळ्याच्या वैद्यांना वाटले, जे मेंदूला लागू पडते ते डोळ्याला का लागू पडू नये?

जर्मनी आणि ऑस्ट्रियातील रुग्णालयांनी मिळून एक चाचणी केली. तिचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ८४ रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला मघाशी सांगितलेले जुने उपाय. दुसऱ्या गटाच्या रोहिणीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या रोहिणीच्या तोंडाशी नेऊन तिथे औषध सोडले. एवढी कसरत करून निष्पन्न काय झाले? दृष्टीचा फायदा दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच. मात्र उपद्रव जुन्या उपायांच्या गटात शेकडा ४.३ जणांना, तर नळीच्या गटात शेकडा ३७.१ जणांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

असे का व्हावे? दोन कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले असे, की अडकलेला कण दरवेळी रक्ताच्या ताज्या गुठळीचाच असतो असे नाही. कधी तो कोलेस्टेरॉलचा कपचा असतो, कधी हृदयाच्या झडपेवरून सुटलेला चुनखडीसारखा कठीण खडा असतो. साखर पाण्यात विरघळते, म्हणून गारगोटी विरघळणार नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या चाचणीत २० तासांपर्यंत उशिरा आलेले रुग्णही घेतले होते. माकडांच्या डोळ्यांनी चार तासांची मर्यादा दाखवून दिली होती. पाणी आणायला निघालो तोवर पीक करपले, असाच हा प्रकार.

म्हणून आता विचार असा चालला आहे, की नळी वगैरेंच्या भानगडीत वेळ न घालवता, साडेचार तासांच्या आत साधे हाताच्या शिरेतून औषध द्यावे. आजवरच्या लहान लहान अनुभवांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा लवकर औषध मिळालेल्यांत दृष्टी परत येण्याचे प्रमाण अधिक दिसले. त्याची काटेकोर पारख करण्यासाठी फ्रान्स, नॉर्वे आणि जर्मनी या देशांत चाचण्या हाती घेण्यात आल्या. शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. या औषधाने रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. त्यामुळे ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे रुग्णालयातच मेंदूचे छायाचित्र काढून ठरवावे लागते. पण एका बाबतीत तज्ज्ञांत मतभेद नाही. उशिरा आलेल्याच्या उपयोगी पडेल असे औषध आज कोणापाशीही नाही.

आता मास्तरांकडे परत येऊ. त्यांच्या हाताच्या शिरेत मी एक पिवळा रंग टोचला. या तपासणीची हकीकत मोठी गमतीची आहे. १९६१ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शिकणाऱ्या नोव्हॉटनी आणि आल्व्हिस या दोघा तरुण विद्यार्थ्यांनी ती प्रसिद्ध केली. एकाने दुसऱ्याला रंग टोचला आणि त्याच्या डोळ्याच्या आतली छायाचित्रे घेतली. निळ्या उजेडात हा रंग हिरवा चमकतो आणि रक्त कुठवर पोहोचले, किती वेळात पोहोचले, ते डोळ्यांदेखत दिसते.

मास्तरांच्या चित्रात रंग डोळ्याच्या रोहिणीत शिरलेला दिसला. जरा रेंगाळत, पण शिरला होता. म्हणजे पाट मोकळा झाला होता. असे पुष्कळदा होते. अडकलेला कण एक-दोन दिवसांत आपोआप फुटतो, सरकतो, आणि रक्त पुन्हा वाहू लागते. मास्तर शिकवणारे गृहस्थ. पडद्यावरची चित्रे त्यांनी बारकाईने पाहिली आणि विचारले, “रक्त चालू झालंय म्हणता, मग मला दिसत का नाही?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, “म्हणजे पीक करपल्यावर पाटाला पाणी आलं, असंच ना?”

श्रोतेहो, या विकाराविषयी मी जे काही तासभर शिकवतो, ते मास्तरांनी एका वाक्यात सांगून टाकले. रक्त परत आणणे हे उपचाराचे अर्धेच काम. ते वेळेत परत आले पाहिजे. आणि ही वेळ डॉक्टरांच्या हातात फार थोडी असते. तिचा मोठा भाग रुग्णाच्या ओट्यावर, बाजारात आणि एसटीची वाट पाहण्यात संपलेला असतो.

मघाशी मी एक धागा ध्यानात ठेवायला सांगितला होता: विकार हृदयात आणि अंधार डोळ्यात. डोळ्याचा पडदा हा खरे पाहता मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे, आणि त्याची रोहिणी मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिणीचीच फांदी आहे. जो कण डोळ्याकडे वळला तो जरा सरळ गेला असता तर मेंदूत जाऊन बसला असता. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली स्पष्ट सांगितले, की डोळ्याची ही रोहिणी तुंबणे हा पक्षाघाताचाच एक प्रकार समजावा आणि तितक्याच तातडीने हलावे. अशा पुष्कळ रुग्णांच्या मेंदूचे छायाचित्र काढले तर तिथेही नुकतेच झालेले लहान लहान घाव आढळतात, ज्यांची त्यांना जाणीवही नसते. पुढच्या काही आठवड्यांत उघड पक्षाघात होण्याचा धोका नेहमीपेक्षा पुष्कळ वाढलेला असतो.

मास्तरांची नाडी मी पाहिली. ती अनियमित होती. कधी दोन ठोके जवळ, कधी लांब. हृदयाचा आलेख काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन बिघडले होते. अशा हृदयात रक्त साकळते आणि गुठळ्या सुटतात. त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, रक्त गोठू न देणारे औषध सुरू झाले. डावा डोळा परतला नाही. पण उजवा डोळा आणि मेंदू यांचा बचाव करण्याची संधी आम्हाला मिळाली. पुढे काही आठवडे त्यांना वरचेवर बोलावले. कारण रक्ताला मुकलेल्या डोळ्यात कधी कधी नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. डोळा गेला म्हणून तपासणी सोडून चालत नाही.

आता दुसऱ्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. हे किराणा दुकानदार. बिडीचे व्यसन, रक्तदाब वाढलेला. एके दुपारी दुकानात बसले असता उजव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा ओढल्यासारखे झाले. पाच मिनिटांत पडदा उठला, लख्ख दिसू लागले. ते म्हणाले, “आता झकास दिसतंय, मग दाखवायचं काय?” सून म्हणाली, “बाबा, आजच दाखवायचं.” तिने त्यांना जवळजवळ ओढतच आणले. येताना ते माझ्यावर नसले तरी तिच्यावर चांगलेच रागावलेले होते.

हा क्षणभराचा पडदा म्हणजे काय असते, ते बॉस्टनचे मेंदुविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी पाहिले. असा झटका चालू असतानाच त्यांनी रुग्णाच्या डोळ्यात डोकावले. रोहिणीतून पांढरट तुकडे हळूहळू पुढे सरकताना त्यांना दिसले. १९५९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी अमेरिकेतीलच हॉलेनहॉर्स्ट यांनी रोहिणीच्या दुबेळक्यांत अडकलेले चकचकीत पिवळे कण वर्णन केले. हे कण कोलेस्टेरॉलचे असतात आणि बहुधा मानेच्या रोहिणीत साठलेल्या किटणातून सुटलेले असतात. म्हणजे पडदा आला आणि गेला, याचा अर्थ संकट टळले असा नव्हे. दरड कोसळण्याआधी चार बारीक दगड घरंगळतात, त्यातला हा प्रकार.

दुकानदारांच्या मानेची ध्वनिलहरींनी तपासणी केली. उजवी रोहिणी पाऊण भागाहून अधिक बुजली होती. अशा रुग्णांवर उत्तर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती आणि तिचा निकाल १९९१ साली आला. ज्यांना झटका येऊन गेला आहे आणि रोहिणी शेकडा ७० हून अधिक अरुंद आहे, अशांपैकी नुसत्या औषधांवर राहिलेल्या शंभरातील २६ जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रियेने रोहिणी साफ केलेल्यांत हे प्रमाण नऊवर आले. आमच्या दुकानदारांची शस्त्रक्रिया झाली. बिडी सुटली. रक्तदाबाची गोळी ते नेमाने घेतात, किंवा असे म्हणू या, की सून नेमाने देते. दोन्ही डोळे शाबूत आहेत.

या दोन गृहस्थांत फरक अकलेचा नव्हता. मास्तर दुकानदारांपेक्षा अधिक शिकलेले. फरक इतकाच, की एकाच्या घरी ‘आजच’ म्हणणारे कोणी होते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरात ‘आजच’ म्हणणारे माणूस आपण व्हा. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ओळखण्याची. एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, अर्धी गेली, किंवा पडदा येऊन गेला, आणि दुखत मात्र काही नाही, तर ती तातडीची बाब समजा. एक डोळा चांगला असला की मेंदू दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो. म्हणून शंका आली की आळीपाळीने एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. दृष्टी एकाएकी जाण्याची कारणे आणखीही आहेत. पडदा सुटतो, आत रक्तस्राव होतो, नीला तुंबते, काचबिंदूचा तीव्र झटका येतो. यांतले कोणते कारण आहे, याचा निवाडा घरी करू नका. यांतले कोणतेही उद्यावर टाकण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. दृष्टी गेली ती वेळ लिहून ठेवा. ‘संध्याकाळी कधीतरी’ असे सांगू नका, ‘पाच वाजून दहा मिनिटांनी’ असे सांगा. पुढचा उपचार त्या आकड्यावर ठरतो.

तिसरी गोष्ट जाण्याची. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. जिथे मेंदूचे छायाचित्र रात्रंदिवस काढता येते आणि पक्षाघातावर उपचार होतात, अशा रुग्णालयात जा. आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. दारात गेल्याबरोबर सांगा, ‘एका डोळ्याचं एकदम दिसेनासं झालं, अमुक वाजता.’ डोळ्यात तूप, मध, गुलाबपाणी घालण्यात वेळ दवडू नका. आपल्या मनाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊ नका. रुग्ण पन्नाशीच्या पुढचा असेल आणि काही दिवसांपासून कानशील दुखणे, केस विंचरताना डोके हुळहुळणे, चावताना जबडा भरून येणे अशा तक्रारी असतील, तर त्याही सांगा. रोहिण्यांना सूज येण्याचा एक विकार आहे. त्यात वेळेवर औषध दिले तर निदान दुसरा डोळा वाचतो.

चौथी गोष्ट ही वेळ येऊच नये म्हणून. हा विकार विरळा. अमेरिकेतील हिशेबाप्रमाणे वर्षाला लाखात जेमतेम दोघांना होतो. पण त्याला जन्म देणारी कारणे मुळीच विरळ नाहीत. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातले कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट आणि तंबाखू, अनियमित नाडी, लहानपणच्या सांध्यांच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप. हीच कारणे पक्षाघाताची आणि हृदयविकाराचीही आहेत. त्यांचा बंदोबस्त केला तर केवळ डोळाच नव्हे, सगळे घर राखले जाते.

मास्तर अजून अधूनमधून तपासणीला येतात. गावच्या बाजारात कुणी डोळ्याची तक्रार केली, की ते आधी एकच विचारतात, “दुखतंय का?” समोरचा ‘नाही’ म्हणाला, की म्हणतात, “मग लवकर निघा.” मागच्या पावसाळ्यात त्यांनी अशाच एका बाईला तासाभरात जीपने पाठवले. तिच्या डोळ्याचा पडदा सुटू लागला होता. रोहिणीचा विकार नव्हता, पण वेळेवर आली म्हणून शस्त्रक्रियेने दृष्टी राहिली.

मास्तरांचा तो प्रश्न तुम्हीही आपल्या घरी विचारायला शिका.